पाचव्या बिशपांचे चौदा महिने

५ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बस अडीच तास उशिरा, बॅगेचं एक चाक वाटेतच निखळलेलं, केसांत धूळ. अशा अवतारात बिशपभवनाच्या पायऱ्या चढत होते, तर स्वागताला खुद्द चान्सेलर फादर उभे. चान्सेलर म्हणजे बिशपांच्या कार्यालयाचे कारभारी, धर्मप्रांतातला एकूण एक कागद यांच्या हाताखालून जातो. मी मनात एक लांबट, करडा चेहरा रंगवून आले होते. निघाले गोलमटोल आणि हसरे. बॅग त्यांनीच उचलली. म्हणाले, आधीच्या चरित्रकार मास्तरांची बॅग याहून जड होती, पण जाताना ते ती न्यायलाच विसरले. मी पोटभर हसले.

काम असं : धर्मप्रांताला यंदा दीडशे वर्षं होताहेत. त्यानिमित्त अकरा बिशप आणि दोनशे चौदा धर्मगुरूंचा चरित्रकोश काढायचा. नऊ महिन्यांची नेमणूक. कॉलेजची लायब्ररी बंद पडल्यावर मी घरी बसून भिंती मोजत होते, त्यापेक्षा हे लाख पटीनं बरं.

खोली पहिल्या मजल्यावर. लोखंडी खाट, खुर्ची, बेसिन, अंगणाकडची खिडकी. ताईला फोन केला. तिनं विचारलं, जेवलीस का. आणि बजावलं, की फादर लोकांशी वाद घालू नकोस. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई सोळाची. तेव्हापासून माझ्या पोटाची आणि तोंडाची काळजी तिच्याकडेच आहे.

६ फेब्रुवारी

दफ्तरखाना पाहिला. प्रेमातच पडले.

दोन खोल्या, एकीतून दुसरीत जायचं. बाहेरच्या खोलीत माझं टेबल. आतली खोली लांबलचक, वर कमानदार छत. भिंतीत खूप उंचावर गज लावलेला एक झरोका, बाकी खिडकी नाही. दोन्हींमधलं दार चार बोटं जाड, आणि किल्ली चांगली वीतभर. टेबलाला लागून भिंतीत हातभर रुंदीची चौकोनी लोखंडी जाळी आहे, बसलं की बरोबर कानाच्या उंचीवर येते. कशासाठी, म्हणून विचारलं, तर फादर म्हणाले, हवेसाठी असेल.

मी मऊ ब्रश, सुती फीत आणि पेन्सिली मांडून ठेवल्या. जुन्या कागदांजवळ शाई न्यायची नाही हा माझा नियम. बाप्तिस्म्याची रजिस्टरं, बिशपांचे दौरे, पत्रं, तक्रारी. कागदाचा वास थेट डोक्यात जातो. दिवसभर चहाचीसुद्धा आठवण झाली नाही, म्हणजे काय ते समजावं.

९ फेब्रुवारी

पहिले चार बिशप हातावेगळे होत आले. मोठी गमतीची माणसं. पहिल्यांना घोड्याची भीती, म्हणून अख्खा धर्मप्रांत पायी पालथा घातला आणि जन्मभर पायाच्या फोडांबद्दल लिहीत राहिले. तिसऱ्यांनी छपराच्या गळतीबद्दल इतकी पत्रं लिहिली आहेत, की त्यांचं एक वेगळं खोकं भरलंय. जगाला ही नावं ठाऊक नाहीत आणि कधी होणारही नाहीत. मला तेच आवडतं. मोठ्या लोकांना चरित्रकार मिळतातच, या गळक्या छपराच्या बिशपांना मी मिळाले.

व्हरांड्यात बिशपांच्या तसबिरी आहेत. मोजल्या तर दहाच. चौथ्या आणि सहाव्यांच्या मध्ये एका तसबिरीएवढी मोकळी भिंत. पाचव्यांची कारकीर्द जेमतेम चौदा महिन्यांची. फादर म्हणाले, त्यांना दोन ओळी पुरे. आले, पटकीची साथ आली, अशक्तपणानं गेले.

१३ फेब्रुवारी

रजिस्टरात प्रत्येक धर्मगुरूची एक ओळ असते : जन्म, दीक्षा, नेमणुका, मृत्यू. दोनशे चौदा ओळींपैकी एकच अपुरी आहे. पाचव्या बिशपांचे चिटणीस, वय सत्तावीस. शेवटची नोंद, 'आजाऱ्यांच्या सेवेसाठी आत गेले.' पुढे काही नाही. बदली नाही, मृत्यू नाही. आत म्हणजे कुठे आत?

साथीचा अहवाल काढला. बिशपांच्या सहीचा, तीन ओळींचा : भवनातच ठेवलेले अठरा आजारी यथायोग्य सेवा होऊनही दगावले. चिटणिसांचा उल्लेख नाही.

दुपारी जेवताना सहज बोलले. स्वयंपाकघरातल्या सिस्टर वाढत होत्या. सत्तरीच्या आहेत, ताठ, कमी बोलणाऱ्या. वाढताना त्यांचे ओठ हलतात. मला वाटायचं, प्रार्थना म्हणत असतील. आज जवळून ऐकलं. त्या मोजत होत्या. सतरा, अठरा, एकोणीस. मग पुन्हा एक. चिटणिसांचं नाव निघालं आणि त्यांचा डाव वरणात पडला. भवनात या माणसाबद्दल काही सांगतात का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, की चार वाजायच्या आत दफ्तरखान्यातून उठत जा, उजेड कमी होतो, डोळे जातील.

फेब्रुवारीत चार वाजता कुठला उजेड कमी होतो?

१७ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. चार वाजून गेले असतील. मान खाली घालून अक्षर लावत बसले होते. कानाशी कोणीतरी हळू विचारलं, "सांगू?"

फादर आतल्या खोलीत काही शोधत असतील असं वाटलं. मान वर न करताच मी म्हटलं, "सांगा ना."

जाळीपलीकडे कोणी गुडघे टेकल्यासारखा आवाज झाला. मग श्वास. मग काहीच नाही. उठून आत डोकावले. खोकी, फडताळं आणि झरोक्यातून पडलेला उन्हाचा तुकडा.

फादर संध्याकाळी भेटले. ते सकाळपासून बाहेरगावी होते.

१८ फेब्रुवारी

स्वतःला समजावलं : जुनी इमारत, आवाज कुठून कुठे फिरतो. आज मुद्दाम चारला बसले.

फिरत बिरत नाही. तो पुरुषाचा आवाज आहे. म्हातारा नाही, घसा कोरडा पडलेला. म्हणाला, मी पाप केलं आहे आणि माझं ऐकून घ्यायला कोणी बसत नाही. मी बाप्तिस्मा घेतलेली आहे. लहानपणी पापनिवेदनाला, म्हणजे जाळीआडच्या फादरांना आपली पापं सांगायला जायचे, बावीस वर्षं गेलेले नाही. पण ती पद्धत हाडात मुरलेली असते. जाळीच्या एका बाजूला गुडघे टेकून सांगणारा. दुसऱ्या बाजूला खुर्चीत ऐकणारा.

ऐकणाऱ्याच्या खुर्चीत मी बसलेय.

१९ फेब्रुवारी

सिस्टरांना गाठलं. त्यांनी आधी चुलीवरचं पातेलं उतरवलं, हात पुसले, मग समोर बसल्या.

"तू त्याला 'सांगा' म्हणालीस का?"

म्हटलं, हो.

त्यांनी डोळे मिटले. मग जे सांगितलं ते असं : तेवीस वर्षांपूर्वी त्या इथे मास्तरांचं टंकलेखन करायला आल्या. मास्तर पहिल्याच शब्दाला उठले, तडक बस पकडली, बॅगसुद्धा नेली नाही. सिस्टरांना दया आली. त्या बसल्या आणि पाचव्या बिशपांचं पाप त्यांच्याच तोंडून ऐकलं. साथ आली तेव्हा पाचवे बिशप घाबरून गेले होते. घरातले आजारी त्यांनी त्या लांब खोलीत हलवले आणि दाराला कुलूप घातलं. आजाऱ्यांना भेटायला आलेले चौघं धडधाकट होते, तेही आत राहिले. शेवटचा संस्कार द्यायला चिटणीस गेले. त्यांच्यामागेही किल्ली फिरली. एकोणीस माणसं. बिशप जाळीशी खुर्ची टाकून बसले. इथपर्यंत ऐकून सिस्टर कानांवर हात ठेवून पळाल्या, तेव्हापासून त्यांनी पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.

"अर्धं ऐकलं म्हणून अर्धी सुटले," त्या म्हणाल्या. "पण मोजणं सुटत नाही बघ. पुढचं तू ऐकू नकोस, बाळ. आपण काही पापाची क्षमा देणारे नव्हे. आपल्याकडे आलेलं ते मग जाणार कुठे?"

२१ फेब्रुवारी

दोन दिवस दफ्तरखान्यात गेले नाही. खोलीत बसून धर्मगुरूंची यादी केली. पण चिटणिसांची ती एकशे तेरावी ओळ सारखी डोळ्यांपुढे येते. सत्तावीस वर्षांचा माणूस मरणाऱ्यांना सोबत करायला आपल्या पायांनी आत गेला आणि त्याला मृत्यूची तारीखसुद्धा कोणी दिली नाही. कोणीतरी त्याला रजिस्टरातून तसाच लोंबकळत ठेवलाय.

सतरा वर्षं लायब्ररीत काढली. अपुरी नोंद मला झोपू देत नाही.

उद्या बसणार आहे.

२२ फेब्रुवारी

ऐकलं. सगळं.

नीट लिहायला हवं. कुलूप घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरची चिठ्ठी आली. रोग शिवल्यानं होत नाही, पाण्यातून होतो, खालची विहीर नासली आहे. दार उघडा, चांगलं पाणी द्या, बरेचसे वाचतील. बिशपांनी चिठ्ठी वाचली. किल्ली हातात होती. तेव्हा आत बारा जण जिवंत होते.

त्यानं उघडलं नाही. उघडलं असतं, तर त्यांनी बाहेर येऊन सांगितलं असतं. धडधाकट माणसांना आत कोंडलं हे सगळ्यांना कळलं असतं. तो जाळीशी बसून राहिला. ते पाणी मागत होते. चिटणीस सर्वांत शेवटपर्यंत बोलत होते. ते पाणी मागत नव्हते. म्हणत होते, बिशपसाहेब, अजून वेळ आहे, तुमच्यासाठी उघडा.

आवाज थांबेपर्यंत तो थांबला. मग दार उघडलं.

सांगून झाल्यावर जाळीपलीकडून हुंदका आला. मग सुटल्यासारखा एक लांब श्वास. आणि कधी नव्हे ती खोली रिकामी वाटली, खरोखरची रिकामी.

मी खूप रडले.

२४ फेब्रुवारी

चिठ्ठी सापडली! पाचव्यांच्या प्रवचनांच्या खोक्यात, तळाशी. डॉक्टरचं अक्षर, तेच शब्द. मागे बिशपांच्या हातचं : 'मिळाले. सकाळी नऊ.' आणि अठराही दगावल्याचा अहवाल चिठ्ठीच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळचा.

फादरांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, दोन ओळी पुरे. ते म्हणाले की छापू या, जसं घडलं तसं. उद्याच ते दौऱ्यावर असलेल्या आताच्या बिशपांना भेटायला दुसऱ्या गावी जाताहेत, आठवड्यानं येतील.

चिटणिसांची ओळ मी स्वतः पुरी केली. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! चार वाजता मुद्दाम बसून पाहिलं. चिडीचूप. तो गेला.

२५ फेब्रुवारी

सकाळी दात घासताना आठवलं, की किल्ली थंड होती.

म्हणजे मी हातात घेतली तेव्हाची नाही. ही किल्ली मी घेते तेव्हा ती कोमटच असते, टेबलावर ऊन येतं. मला आठवली ती पहाटेची. डाव्या हातात. तळव्यावर तिचा दात रुतत होता, आणि आतून कोणीतरी एकाच जागी नखानं दार खरवडत होतं.

हे त्यानं मला सांगितलेलं नाही. नख तर तो बोललाच नव्हता.

२६ फेब्रुवारी

काम होत नाही. आठवणी येतात, एकामागून एक. आतल्या एका बाईच्या खोकल्याचा सूर. चिठ्ठी आणणाऱ्याच्या चपला. चिठ्ठी वाचल्यावर पहिलं काय वाटलं ते. भीती नव्हती ती. राग होता. आत अजून बारा जण जिवंत आहेत याचा राग. मी जाळीशी उभा होतो आणि मला त्यांचा राग येत होता.

रात्रीच्या जेवणाआधी वरचं वाचलं. 'उभा होतो.'

माझंच अक्षर आहे.

२७ फेब्रुवारी

सिस्टरांनी आज माझी डावी मूठ धरली. मला कळलंच नव्हतं की ती आवळलेली आहे. बोटं एकेक करून उघडावी लागली. आत किल्ली. ती मी कधी उचलली?

त्यांचे ओठ हलत नव्हते. त्या म्हणाल्या, काल दुपारपासून मोजणं बंद झालंय. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. आणि त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, माझं अर्धंही तुझ्याकडे आलं गं.

ताईला त्यांनीच फोन केला.

२८ फेब्रुवारी

ताई आली! पायऱ्या चढताना तिला दम लागला, दोनदा दम्याचा पंप ओढावा लागला, पण वर पोचताच पहिलं वाक्य, "बारके, काय हा अवतार! इथे जेवायला घालत नाहीत का?" सिस्टरांनी हे ऐकलं आणि रडता रडता हसल्या.

ताईला सगळं सांगितलं. तिनं विश्वास ठेवला असेल-नसेल, वाद घातला नाही. म्हणाली, नोकऱ्या मिळतात, सकाळच्या बसनं आपल्या घरी जायचं. माझ्या केसांना तेल लावून दिलं. तिच्या हातांखाली डोकं शांत राहतं. तिथे तो येत नाही.

किल्ली सिस्टरांकडे दिली.

१ मार्च, सकाळ

बॅग भरली. बस साडेअकराला. कागद मात्र असे पसरून जाववत नाही, फादर परत आल्यावर काय म्हणतील? अर्ध्या तासाचं काम. ताई म्हणाली, मी खोकी उचलू लागते. सिस्टर नको म्हणत होत्या, पण ताईनं त्यांच्याकडून किल्ली घेतलीच. तू एकटी जाणार नाहीस, म्हणाली. पर्स घेऊन तीच पुढे निघाली.

साडेदहा

मी दार लावलंय.

ताई आत खोकं ठेवायला गेली. मी दाराशी. खटका वाजला तेव्हा कळलं की किल्ली फिरवली. मी. या हातानं. बाहेरच्या दाराची कडीही मीच घातली आहे, ती कधी घातली आठवत नाही. मी दोन दारांच्या मध्ये.

ताई आधी हसली. "बारके, पुरे हं थट्टा." मग म्हणाली, आत धूळ फार आहे, उघड.

उजवा हात लिहितोय, तोवर तो माझा आहे. डाव्या मुठीत किल्ली. ती उघडत नाही. दातांनी प्रयत्न केला—

पावणेअकरा

ताईची पर्स टेबलावर. पंप पर्समध्ये. जाळीतून ढकलून पाहिला, भोकातून करंगळीसुद्धा जात नाही—

बाहेर सिस्टर. दारावर थापा. माळीकाका कुऱ्हाड आणायला धावलेत. सिस्टर ओरडून सांगताहेत, लिहू नकोस, मूठ उघड—

मूठ उघडली तर ताई बाहेर येऊन सांगेल.

काय सांगेल? काय सांगेल ती? ती माझी ताई आहे. ती सांगेल की मी तिला—

नाही. हे माझं नाही. हे त्याचं आहे—

ताई जाळीशी आलीय. श्वासाची शिट्टी वाजतेय. म्हणते, बारके, घाबरू नकोस. माझ्याकडे बघ. तुझ्यासाठी उघड—

तुझ्यासाठी—

कुऱ्हाडीचा घाव. दार जाड आहे. अजून एक.

मूठ जमिनीवर आपटली. रक्त. एक बोट सुटलं. दुसरं. ताई, सुटतंय गं—

ताई बोलत नाही. शिट्टी आहे, बारीक. आहे अजून. उठले. दाराशी. किल्ली भोकापर्यंत—

तो म्हणतो, थोडंच राहिलं. आवाज थांबेपर्यंत थांब.

वही दाराला टेकवून लिहितेय. उजवा माझा. उजव्यानं किल्ली धरली तर लिहिणं सुटेल. लिहिणं सुटलं तर मी कोण—

शिट्टी. बारीक—

ताई, मी थांब